आत्या ‘मी’ म्हणते तेव्हा

खारघरच्या ज्या कॉलेजात मी ऑफिस सांभाळते, तिथे मौखिक इतिहासाचा उपक्रम सुरू झाला तेव्हा त्याचा फॉर्म मी तयार केला. सोळा रकाने. निवेदकाचं नाव, गाव, व्यवसाय, अपत्यं, असं करत करत शेवटी ‘सांगितलेल्या प्रसंगी निवेदक स्वतः हजर होता का? हो / नाही’. फॉर्म चांगला झाला होता, हे मी आजही म्हणेन. मला याद्या करता येतात. किराण्याची, परीक्षेच्या ड्यूट्यांची, लग्नात कोणाला कोणत्या गाडीत बसवायचं त्याची. लोक आधी हसतात आणि ऐनवेळी माझ्याकडेच येतात.

उपक्रम इतिहासाच्या मॅडमचा होता. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, भराभर बोलणाऱ्या, पण कामाला पक्क्या. उरण तालुक्यात जिथे एके काळी भातशेती आणि मिठागरं होती आणि आता कंटेनरची यार्डं आहेत, तिथल्या जुन्या माणसांचं बोलणं नोंदवायचं आणि त्याचं पुस्तक काढायचं, अशी त्यांची कल्पना. पुस्तकाचे दोन भाग ठरले होते. पहिला ‘साक्षी’, म्हणजे ज्यांनी स्वतः पाहिलं त्यांचं सांगणं. दुसरा ‘कथा-गाणी’, म्हणजे बाकी सगळं. मॅडमनी मला बरोबर घेतलं, कारण माझं माहेर जासईजवळच्या एका गावात, त्यामुळे तिथली बोली मला कळते. आणि माझ्याकडे दिलेलं काम तारखेला होतं.

निवेदकांच्या यादीत मी पहिलं नाव आत्याचं लिहिलं. आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. ऐंशी ओलांडलेली. तिचं सासरही त्याच गावात, माहेरापासून चार घरं सोडून. गावात तिची एक गोष्ट प्रसिद्ध होती आणि ती मी लहानपणापासून ऐकलेली होती. चैत्रात दुपारी चिंचा फोडायला बायका आमच्या ओटीवर जमायच्या. चिंचोके एकीकडे, गर एकीकडे, आणि आत्या उंबऱ्याला टेकून सांगायची.

गोष्ट अशी. आमच्या गावाची भातशेती खाडीला लागून होती. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध होता आणि शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायला बांधात एक झडप होती. तिला उघाडी म्हणतात. एका भाद्रपदात अमावास्येच्या उधाणाला, भर दुपारी, उघाडीच्या अंगाला बांध फुटला. दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढी खांड पडली. भात पोटरीत होतं, कणीस बाहेर पडायच्या बेतात. खारं पाणी आत राहिलं तर ते पीक जातंच, शिवाय पुढची दोन-तीन वर्षं जमीन काही पिकवत नाही. आणि गावातले धडधाकट पुरुष तेव्हा मिठाच्या मचव्यांवर मुंबईला गेलेले. गावात बाया, म्हातारे आणि पोरं. सात घरांतल्या सात बायांनी, पोरांना आणि म्हाताऱ्यांना हाताशी धरून, ती खांड तीन ओहोट्यांत बुजवली. त्याच संध्याकाळची ओहोटी, दुसऱ्या सकाळची आणि दुसऱ्या संध्याकाळची.

बायांची नावं मी इथे देत नाही. गोष्टीतही ती नाहीत. तिथे प्रत्येक बाई घरावरून ओळखली जाते. विहिरीवालं घर, चिंचेवालं, देवळामागचं, वरच्या आळीचं, खाडीकडचं, दुकानवाल्यांचं आणि कोपऱ्यावरचं. कोपऱ्यावरचं म्हणजे आमचं. दुकानवाले मुसलमान, गावात पिढ्यान् पिढ्यांचे. त्यांच्या दुकानातल्या रिकाम्या गोणी चिखलाने भरून खांडीत टाकल्या, म्हणून पाणी अडलं.

गावच्या शाळेच्या एका कार्यक्रमात पूर्वी एक पुस्तिका छापली होती. तिच्यात या सगळ्याला एक वाक्य आहे. गावातील कर्त्या पुरुषांनी अथक परिश्रमाने बांध पूर्ववत केला. आत्याला वाचता येत नाही, पण हे वाक्य तिला पाठ होतं. कोणी पुस्तिकेचा विषय काढला की ती तेवढं म्हणून दाखवायची आणि पुढे म्हणायची, “कर्ते पुरुष. मचव्यावर बसून बांधला काय त्यांनी?”

रेकॉर्डिंगच्या दिवशी मी सगळी तयारी नीट केली. यार्डाच्या रस्त्यावरून ट्रेलर जातात म्हणून खिडक्या लावल्या. पंखा बंद. शेजारच्या दोन बायका ऐकायला आल्या होत्या, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. आत्याला खुर्चीत बसवलं, कारण उंबऱ्याशी आवाज घुमत होता.

“आत्या, मी मध्ये काही बोलणार नाही. नुसती मान हलवीन.”

“कनाला? तोंड आलंय काय तुझं?”

“रेकॉर्डिंगमध्ये दुसरा आवाज यायला नको.”

“मंग मी भिंतीला सांगू?” असं म्हणाली, पण सांगायला लागली.

त्या दिवशी ती अडखळत बोलली. एकेका घरापाशी आली की थांबायची, माझ्याकडे बघायची, सहा-सात सेकंद गप्प राहायची, मग पुढे जायची. मी मान हलवत होते. मनात म्हटलं, वय झालं. घरी आल्यावर लॅपटॉपवर बसून मी त्या सगळ्या रिकाम्या जागा काढून टाकल्या. एक्केचाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग बत्तीस मिनिटांवर आलं. ऐकायला एकदम सफाईदार. मला समाधान वाटलं.

मग ते कागदावर उतरवलं आणि सवयीप्रमाणे फॉर्मशी ताडून पाहिलं. तिथे घोळ निघाला. आत्या एका ठिकाणी म्हणते, “मी पोर झोलीत घातला न् झोली उघारीच्या खांबाला बांधली. पोरगा रडून रडून निजला, पन मी हात थांबवला नाय.” फॉर्मच्या अपत्यांच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, दोन मुली. आत्याला मुलगा कधी झालाच नाही.

मी पेन्सिलीने समासात लिहिलं, ‘मुलगा कोण? तपासावे.’ आणि लिहिता लिहिताच लक्षात आलं. झोळीतलं ते पोर म्हणजे माझे वडील. आत्या वडिलांहून तीन वर्षांनी लहान. बांध फुटला तेव्हा ती जन्मलीच नव्हती. गोष्टीतली ‘मी’ आत्या नव्हतीच. ती माझी आजी होती.

मी हे दडपू शकले असते. पेन्सिल होती, खोडरबरही होता. पण चुकीचा रकाना पुढे जाऊ द्यायचा नाही ही माझी एवढ्या वर्षांची शिस्त, आणि कामाच्या बाबतीत मी घरच्यांनाही सोडत नाही. मी कागद तसाच मॅडमच्या टेबलावर ठेवला.

मॅडमनी वाचला, पुन्हा वाचला. “फार सुंदर सांगितलंय. पण मग ही साक्ष नाही ना. ‘कथा-गाणी’त घेऊ.”

“आणि बांधाबद्दल ‘साक्षी’त काय जाणार?”

त्यांनी फाईल उघडली. आमच्याच गावच्या एका आजोबांनी सांगितलेलं त्यात होतं. बांध फुटला तेव्हा ते सहा वर्षांचे, गावात होते. शेवटच्या रकान्यात ‘हो’वर खूण. आणि सांगण्यात एकच ओळ, जवळपास पुस्तिकेतली. गावातल्या पुरुषमाणसांनी बांध पूर्ववत केला.

“यांनी पाहिलं का तो बांधताना?” मी विचारलं.

“ते त्या वेळी तिथे होते. नियम तसाच आहे ना. तुम्हीच बनवलाय फॉर्म.”

ते खरं होतं. मी ‘बरं’ म्हणून बाहेर आले. म्हणजे पुस्तकात असं होणार होतं की पुरुषांनी बांध बांधला हा इतिहास, आणि बायांनी बांधला ही गोष्ट. आणि ही वाटणी माझ्याच रकान्याने केली होती. साहित्य छपाईला जायला सतरा दिवस होते.

रविवारी आत्याकडे गेले. ती ओटीवर वाल सोलत बसली होती. मी फिरवून बोलत नाही. सगळं सरळ सांगितलं.

“कथा?” ती म्हणाली. “राजा-रानीची हाय काय ती?”

“आत्या, तू तेव्हा जन्मलीच नव्हतीस.”

“नव्हतेच. मंग?”

“मग तू ‘मी’ म्हणालीस. मी पोर झोळीत घातला, मी गोण उचलली.”

“मंग कोन म्हननार? आय तर मेली.” ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी दोन अधिक दोन किती ते विचारलंय. “तिनं मना दिलीय ती. उचलून घेतली नाय मी.”

मग तिने मला जे सांगितलं ते आमच्या ओटीवर इतकी वर्षं बसूनही मला माहीत नव्हतं. आजीला धाप लागायला लागली, सांगताना दम पुरेना, तेव्हा तिने बाकीच्या सहा घरांतल्या सहा बायांना बोलावलं. बांध बांधणाऱ्या त्या सहाही तेव्हा हयात होत्या. त्यांच्यासमोर आत्याला अख्खी गोष्ट सांगायला लावली. तीन दुपारी, तीन वेळा. पहिल्या दुपारी विहिरीवालीने तिला सात ठिकाणी थांबवलं. पाटी नाही, गोण होती. आधी पेंढा टाकला, चिखल नंतर. देवळामागची पहिल्या ओहोटीला आलीच नव्हती, तिला फुकटचं श्रेय देऊ नको. दुसऱ्या दुपारी दोन चुका निघाल्या. तिसऱ्या दुपारी एकही निघाली नाही.

“मंग आय उंबऱ्यावरून उठली न् ऐकनाऱ्यांत जाऊन बसली. मना म्हनली, आता तू बस इथं. तवापासून मी ‘मी’ म्हनते. त्याच्या आदी म्हनत नव्हते. आदी मी ‘आय म्हनते’ असं म्हनायची.”

मी वही काढून लिहून घेत होते. पेन थांबलं. आमच्या कॉलेजात मार्कशीट दोन वेळा तपासून बाहेर जाते. इथे तीन वेळा, आणि तीही ज्यांचे मार्क आहेत त्यांच्याच समोर.

“आणि तू सांगताना थांबत होतीस ती कशाला?”

“‘हाय’ यायची वाट बघत होते. तू मान हलवत बसलीस म्हशीगत.”

आता मला आठवलं. चिंचा फोडताना बायका मध्ये मध्ये म्हणायच्या, ‘हाय.’ एकच शब्द. मला वाटायचं, नुसता ठेका आहे, आपण बोलणाऱ्याला ‘हं, हं’ म्हणतो तसा. तसं नव्हतं. विहिरीवाल्या घराचं नाव आलं की त्याच घरातली बाई ‘हाय’ म्हणायची. आहे, आम्ही इथे आहोत, आमच्या घराबद्दल सांगितलंस ते बरोबर आहे. ते आल्याशिवाय आत्या पुढच्या घराकडे जात नसे. ती बाई गेली की तिची सून म्हणायची, नाहीतर लेक. आणि मी त्या सगळ्या जागा लॅपटॉपवर कापून टाकल्या होत्या.

सोमवारी सकाळी मॅडमची केबिन उघडायच्या आधी मी बाहेर उभी होते.

“पुन्हा रेकॉर्डिंग करायचंय. या वेळी सहा घरांच्या सहा बायका खोलीत असतील आणि त्या मध्ये बोलतील.”

“अहो, ऑडिओची वाट लागेल.”

“लागू दे. तुम्ही स्वतः या. आणि आधी त्या सहा जणींना एकेकीला वेगळं बसवून जे विचारायचं ते विचारा. त्यांचं जुळलं नाही तर मी स्वतः ती गोष्ट ‘कथा-गाणी’त टाकीन.”

त्यांनी कॅलेंडर पाहिलं. “शनिवार चालेल?”

मग मी यादीला बसले, आणि हे काम मला जमतं हे मला माहीत होतं. सहा घरं, आता कुठे कुठे. विहिरीवाल्यांची सून आणि चिंचेवाल्यांची लेक गावातच. चिंचेवाल्यांच्या लेकीने तर मला लहानपणी मांडीवर खेळवलंय. खाडीकडच्यांचं घर यार्डात गेलं, त्यांची नात उलव्यात राहते. देवळामागच्यांची सून पनवेलला लेकाकडे. वरच्या आळीची नात माझ्याच खारघरमध्ये, अकराव्या मजल्यावर, बँकेत नोकरी. दुकानवाल्यांची नात उरणला, औषधांचं दुकान चालवते. सगळ्यांना फोन केले. पनवेलच्या काकींचे गुडघे दुखतात, त्यांना आमच्या गाडीतून आणायचं ठरलं. उलव्याची आणि उरणची ट्रेनने येणार. उरणची म्हणाली, “दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. तेवढ्यात गोष्ट संपवायला सांगा तुमच्या आत्याला, पाल्हाळ नको.” मी तिची वेळ यादीत तिच्या घरासमोर लिहिली.

शनिवारी मॅडम बाराला आल्या. मागच्या पडवीत दोन खुर्च्या टाकल्या होत्या. एकेका बाईला त्यांनी वेगळं बसवलं आणि तीन प्रश्न विचारले. तुमच्या घरातल्या बाईने काय केलं? गोणी कुठून आल्या? कोण थकलं, कोण निघून गेलं? मी मधल्या खोलीत पोहे केले, कारण मला ऐकू येता कामा नये. आत्या उंबऱ्याला टेकून बसली होती. खुर्ची मी आणलीच नव्हती.

उरणचीला सगळ्यांत शेवटी विचारून झालं आणि दोनला सुरुवात झाली. खिडक्या उघड्या होत्या. यार्डावरून ट्रेलर गेला तेव्हा आत्या थांबली आणि तो गेल्यावर पुढे बोलली. आवाज पहिल्या वेळेपेक्षा खालचा होता, पण अडखळ नव्हती.

“पानी शेतात शिरलं तवा पयली बोंब मारली विहिरीवालीनं.”

“हाय,” विहिरीवाल्यांची सून म्हणाली.

“चिंचेवाली पेंढा घेऊन धावली, पोरांच्या डोईवर दिला, आपन दोन भारे घेतले.”

“हाय. तीन घेतले.”

“दोन.”

“बरं, दोन,” चिंचेवालीची लेक म्हणाली आणि सगळ्या हसल्या. “बघत होते, ध्यान हाय का.”

दुकानवालीचं आलं तेव्हा उरणची सरसावून बसली. तिच्या आजीचा नवराही गावात नव्हता. दुकानाची किल्ली सासऱ्याकडे, आणि सासरा म्हणाला, गोणी मोजून देईन, मोजून परत हव्यात. आजीने सासऱ्याच्या हातातून किल्ली घेतली, असं उरणची मध्येच म्हणाली. “घेतली नाय,” आत्या म्हणाली, “हिसकली.”

“हाय,” उरणची म्हणाली. “घरात अजून बोलतात त्यावर.”

मग दुसरी ओहोटी. सकाळची. रात्रीच्या भरतीने निम्मं काम वाहून गेलं होतं. आत्याने आवाज आणखी खाली नेला. “तवा वरच्या आलीवाली चिखलात बसली. म्हनली, खारीच्या पान्यानं आपलं सगलं खाल्लं, आता कनाला मरायचं. गोन टाकून ती घरी पलाली.”

 खारघरची नात, बँकवाली, इस्त्रीच्या कुर्त्यात सगळ्यांत टापटीप बसलेली. मॅडमनी वहीवरून मान वर केली. मीही बघत होते. आपली आजी पळाली हे चार माणसांत कबूल करायचं, आणि समोर रेकॉर्डर चालू असताना.

“हाय,” ती म्हणाली. “पण परत आली, ते पण सांगा.”

“सांगते ना. तिथवर पोचू तर दे. तुझी आजीसुद्दा अशीच घाईची.”

“परत आली तेव्हा काय घेऊन आली, तेही.”

“आपल्या घराचं दार,” आत्या म्हणाली. “बिजागरीतून काढून आनलं. ते आडवं लावलं न् त्याच्या पाठी गोनी रचल्या. त्या दारानं पानी थांबलं. आता बोल.”

“हाय,” खारघरची म्हणाली.

देवळामागच्या आणि खाडीकडच्या घरांचंही झालं. मी यादीत सहा खुणा केल्या. रेकॉर्डरची बॅटरी बघितली, पुरेशी होती. आत्या शेवटच्या ओहोटीला आली.

“कोपऱ्यावरच्या घरची मी. मी पोर झोलीत घातला न् झोली उघारीच्या खांबाला बांधली. शेवटची गोन मी दाबली. पायानं.”

आणि थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, घसा कोरडा पडला. मी पाण्याच्या तांब्याकडे बोट केलं. ती हलली नाही. मी पुन्हा बोट केलं.

“पानी नको तिला,” चिंचेवालीची लेक म्हणाली. “तुझं घर हाय ते. आदी तुझी आजी बोलायची, मंग तुझी आय. आता कोन बोलनार, माझी म्हस?”

माझ्या यादीत सहा घरं होती. सातवं मी लिहिलंच नव्हतं. यादी करणारा माणूस स्वतःला कधी यादीत धरत नाही. लग्नातल्या गाड्यांतही माझी सीट शेवटी कोणाच्या तरी मांडीवरच निघते.

“हाय,” मी म्हटलं. माझ्या नियमाप्रमाणे मला त्या रेकॉर्डिंगमध्ये एक शब्दही बोलायचा नव्हता. तो शब्द त्यात आहे, आणि मी तो कापलेला नाही.

आत्याने गोष्ट संपवली. तीन वाजायला दहा मिनिटं होती. उरणची म्हणाली, “संपली वेळेत.” आणि पोह्यांची बशी ठेवून निघाली.

परतताना गाडीत पनवेलच्या काकी पुढे ड्रायव्हरशेजारी, मी आणि मॅडम मागे. मॅडम बराच वेळ वही चाळत होत्या. मग म्हणाल्या, “तिन्ही प्रश्नांना सहा जणींची उत्तरं एकमेकींशी जुळतात. पेंढा आधी, गोणी नंतर. गोणी दुकानातल्या. पण मला पटलं ते वेगळ्याच कारणाने. त्या बँकवालीला मी एकटीला विचारलं, कोण निघून गेलं? ती लगेच म्हणाली, माझी आजी. नुसत्या ऐकीव कथेत कोणी आपली आजी पळू देत नाही. तिथे सगळ्यांच्या आज्या शूर असतात.”

“मग?”

“मग ‘साक्षी’त. आजोबांचं आहे तेही राहील, त्याच्या पुढच्याच पानावर हे. वाचणारे वाचतील दोन्ही.” मग हसून म्हणाल्या, “पण शेवटच्या रकान्याचं काय करायचं, ते तुम्ही बघा. हजर होत्या का, हो की नाही?”

काकी पुढून वळल्या. “नाय कशी? आमी सगल्या होतो ना आता.”

तो फॉर्म मी त्याच रात्री बदलला नाही. दोन दिवस घेतले, कारण घाईत बदललेला फॉर्म पुन्हा बदलावा लागतो. ‘हो / नाही’ काढलं. तिथे आता तीन ओळी आहेत. गोष्ट कोणाकडून आली. कोणासमोर तपासली गेली. आज कोण साक्षीला बसलं. नंतरच्या अकरा जणांची नोंद त्याच फॉर्मवर झाली, आणि त्यातल्या चौघांकडे अशीच कोणीतरी दिलेली, कोणीतरी तपासलेली गोष्ट निघाली, जी जुन्या फॉर्मवर नुसती ‘नाही’ ठरली असती. माझ्या नोकरीतल्या कामांपैकी मला अभिमान वाटावा अशी पाच-सहा असतील. हे त्यातलं पहिलं.

माणसाने पाहिलं ते त्याचं, एवढंच मला आधी माहीत होतं. आता मी असं मानते की निवेदक हा नुसता पाहणारा नसतो. ज्यांचं आहे त्यांनी तपासून, उठून, जागा रिकामी करून ज्याला बसवलं, तो निवेदक. ‘मी’ म्हणायचा हक्क त्याला दिलेला असतो. आणि ऐकणारे दाद द्यायला बसलेले नसतात, ते चूक पकडायला बसलेले असतात. आत्याला शाळा मिळाली नाही. पण माझ्या ऑफिसातल्या कुठल्याही रजिस्टरपेक्षा तिची गोष्ट जास्त वेळा तपासली गेलेली आहे, आणि ती आमच्या घरातली आहे.

पुस्तक आलं तेव्हा मी एक प्रत घेऊन गेले. आत्याने आधी मुखपृष्ठावर हात फिरवला, मग आतल्या आपल्या फोटोवर. “तोंड वाकडं काढलंय.” मग तिचं पान काढून मोठ्याने वाचायला लावलं. मी वाचताना ती उंबऱ्यावर बसलेली नव्हती. भिंतीच्या बाजूला, ऐकणाऱ्यांच्या जागी बसली होती. विहिरीवाल्यांची सूनही येऊन बसली.

मी वाचलं. प्रत्येक घरानंतर ‘हाय’ छापलेलं होतं; त्यातलं आपल्या घराचं विहिरीवाल्यांच्या सुनेने मी वाचायच्या आतच म्हटलं. बाकीची मी वाचली. संपल्यावर आत्या म्हणाली, “आता ते बंद कर.”

“का?”

“कागद बघून कोन बी सांगतं. बंद कर न् सांग.”

मी पुस्तक मिटलं. सुरुवात बरी झाली. विहिरीवालीची बोंब, चिंचेवालीचे दोन भारे. दुकानवालीशी आले आणि म्हटलं, “तिने सासऱ्याच्या हातातून किल्ली घेतली.”

“हिसकली,” दोघी एकदम म्हणाल्या.

पुढे आणखी पाच ठिकाणी थांबवलं. एकूण सहा चुका. आत्याने पहिल्या दुपारी सात केल्या होत्या, हे मी त्यांना सांगितलं. विहिरीवाल्यांची सून म्हणाली, तेव्हा ऐकणाऱ्या सहा होत्या, इथे दोघीच आहोत, फार फुशारकी नको. आणि मी ‘मी’ म्हणू लागले तिथे आत्याने हात वर केला.

“अजून नाय. आत्ता ‘आत्या म्हनते’ असं म्हन.”

मी तसं म्हटलं. पुढच्या महिन्यातला दुसरा शनिवार मी सातही घरांना कळवला आहे.